मानाची नाव आणि दोन गावं

श्रावण व. १, मंगळवार

हैदराबादचं पत्र सकाळीच टपालात टाकलं. संपादकांना लागतात दोन रकाने, मी पाठवले अडीच. कापतील. पंचवीस वर्षं कापताहेत, अजून त्यांचा हात दमलेला नाही.

पावसाचा चौथा दिवस. गंगेला (नकाशावाल्यांची गोदावरी) पाणी चढतंय. घाटाच्या अकरा पायऱ्या उघड्या आहेत.

शांता काल राखी बांधून लगेच वाळकीला परत गेली. दोन दिवस राहा म्हटलं, तर, "भेंडी तोडाची हाय दादा. तुमची बातमी शिळी झाली तरी खपते, माही भेंडी नाही खपत." धाकटी बहीण चाळिशी ओलांडून गेली तरी धाकटीच, जीभ मात्र थोरली.

कारल्याची भाजी तिनेच आणलेली. सौ. ने गूळ घालून केली. उत्तम.

व. २, बुधवार

चारच पायऱ्या. उतार बंद झाला, पलीकडची ये-जा थांबली. सरकारी उताराची नाव चालवणारा पोशन्ना घाटावर बसून होता. ओंजळभर पाणी घेऊन मला हुंगायला दिलं. "हे नीळ्ळु आपलं नाही पंतुलू. वरचं आहे. काळ्या मातीचा वास येतो बघा." मला फक्त गढूळ पाण्याचा वास आला. पण त्याच्या घरात चार पिढ्या हेच हुंगताहेत.

दुपारी तहसीलदारसाहेबांचं बोलावणं. (यापुढे त. सा.) शेरवानीची सगळी बटणं लावलेली, म्हणजे काम गंभीर. पलीकडच्या काठाची दोन गावं पाण्याने वेढली आहेत: चिंतलगुडा आणि वाळकी. कसब्यात ज्या नावा आहेत त्यातल्या कोणत्या पाठवायच्या, कोणत्या गावाला, कोणत्या क्रमाने, ते ठरवून उद्या संध्याकाळपर्यंत फेहरिस्त, म्हणजे यादी, द्यायची. परवा सूर्योदयाला नावा सुटणार.

मी म्हटलं, मी काय नाविक आहे?

"अखबारसाब, हम उर्दू लिखते, पेशकार तेलुगू लिखता, नाववाले कुछ बी नहीं लिखते. आप तीनों की सुनके एक कागज बनाते. बस हो गया."

वाळकीत माझी बहीण आहे हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "फिर तो आप और अच्छा करेंगे." तसं होईल असं मला वाटलं नाही, पण हो म्हणून आलो.

संध्याकाळी पोशन्नाला घेऊन नावा पाहिल्या. सरकारी वहीत सात प्रकारच्या नोंदी आहेत, पाण्यावर त्याहून कमी.

देशमुखांची मोठी नाव. सागवानी, छत असलेली, सहा वल्ह्यांची. दिसायला फार सुरेख.

पोशन्नाची उताराची नाव. चपटी, कुरूप. बैलगाडी बैलांसकट चढते.

कोळ्यांचे तीन डोंगे. एकेका झाडाचं खोड कोरून केलेले. दोन माणसं बसली की तिसऱ्याने विचार करावा.

पुट्ट्या पाच. वेताच्या गोल टोपल्या, खालून कातडं. पोशन्ना यांना नाव म्हणत नाही, "भांडं" म्हणतो.

ठाण्याची नाव. वहीत 'उत्तम हालतीत'. प्रत्यक्षात ठाण्यामागे उपडी, खाली जमादाराच्या कोंबड्या. जमादार म्हणाला, "रवण बसवलं आहे हो, अंडी फुटेपर्यंत, वीस दिवस तरी हलवू नका." नाव खोडली.

उरलेल्या दोन नोंदींच्या नावा कुणी कधी पाहिल्याच नाहीत.

घाट चढताना पोशन्ना आपणहून म्हणाला, "वाळकी खाली आहे पंतुलू. देऊळ तेवढं उंच. चिंतलगुडा वर आहे." मी हूं म्हटलं. माझी बहीण तिथे म्हणून मला बरं वाटावं यासाठी बोलतोय, असं वाटलं.

व. ३, गुरुवार

पायऱ्या दिसत नाहीत.

दिवसभर एका कागदापुढे. अग्रलेख तासात होतो. हे आठ ओळींचं काम संपेना. नावा वाटून दोन्ही गावांना एकदम पाठवाव्यात, तर दोन्हीकडे अपुऱ्या. सगळ्या मिळून आधी एक गाव, मग दुसरं, हे शहाणपणाचं. पण मग पहिलं कोणतं?

चिंतलगुडा: घरं जास्त, लेकरं जास्त, जुन्या पात्राने (गंगेची सोडलेली वाट, पुरात भरते) जाताना आधी लागतं. वाळकी: घरं कमी, देवळाचं जोतं उंच, पुढे अर्धा कोस. कागदावर चिंतलगुडा पहिलं येतं.

कागदाबाहेरचंही खरं लिहितो, ही वही दुसरं कोण वाचतंय. वाळकी पहिली लिहिली, तर उद्या कसबाभर होईल की पंतांनी आधी बहिणीला काढलं. तेलुगू गाव मागे, मराठी गाव पुढे. हे ऐकायची माझी तयारी नाही.

सौ. ला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता, "अहो, तुमी मनात ठरवूनच विचारता. मंग मले कायले विचारता?"

लिहून टाकलं. पहिलं चिंतलगुडा, मग वाळकी. नावांचा क्रम: एक, देशमुखांची, कारण सगळ्यात मोठी. दोन, पोशन्नाची. तीन, पुट्ट्या. डोंगे निरोपाला.

नानासाहेब देशमुखांकडे नाव मागायला गेलो. त्यांनी ऐकूनही घेतलं नाही, "पंत, नावच काय, मी स्वतः बसतो की!" साठीचे गृहस्थ, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. फार मोठ्या मनाचा माणूस. मी त्यांना दोन्ही हात जोडले.

फेहरिस्त वेळेत दिली. त. सा. नी दस्तखत केलं, "खूब" म्हणाले.

व. ४, शुक्रवार

फेहरिस्त खूब नव्हती.

सूर्योदयाला सगळ्या नावा सुटल्या. पुढे देशमुखांची, आत नानासाहेब, छत्री, पानाचा डबा, आचारी. मागे पोशन्ना, त्याच्यामागे पुट्ट्या. मी काठाने पायी. जुन्या पात्रात धार कमी, चालणाऱ्या माणसाला नाव गाठता येते. पण आज मला चालावंही लागेना. मी उभा राहत होतो आणि नावा मागून येत होत्या.

पहिल्या वडाशी मोठी नाव थांबली. नारळ फुटला. पुढे म्हसोबाशी थांबली. नारळ फुटला. ऊन चांगलं वर आलं तरी आम्ही अर्धा कोससुद्धा गेलो नव्हतो, आणि मागच्या सगळ्या नावा एका ओळीत शांतपणे उभ्या. पोशन्ना चिलीम ओढत होता.

ओरडलो, "पोशन्ना, पुढे हो की!"

"पुढे कुठे पंतुलू? पुढे देशमुख आहेत."

"बाजूने काढ!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्याला पिंडीवर पाय देऊन जा म्हणालो. "मानाच्या नावेच्या पुढे? माझ्या आजाने काढली नाही, बापाने काढली नाही."

तेव्हा डोक्यात प्रकाश. शिवरात्रीच्या जत्रेत देवाची पालखी देशमुखांच्या नावेतून पलीकडे जाते. ती नाव पुढे, बाकी मागे, ठिकठिकाणी नारळ. ती पुढे असताना कुणी पुढे जात नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी मीच हैदराबादला लिहून पाठवतो, 'मानाच्या नावेमागून इतर नावा क्रमाने निघाल्या'. ते वाक्य संपादकांनी आजवर कापलेलं नाही. आणि मीच त्या नावेला पहिला आकडा घातला होता.

पुट्टीतला एक कोळी दुसऱ्याला म्हणाला, "पुराला घाई नाही, आपल्याला काय आहे?" सगळे हसले. मलाही हसू आलं, मग चिंतलगुड्याची लेकरं आठवली आणि गेलं.

पोशन्नाला विचारलं, काहीच वाट नाही का? त्याने चिलीम झटकली. "मालक बसला तर मान बसला. मालक उतरला, की नुसतं लाकूड."

पुढच्या नारळाला नाव काठाला लागली तशी मी नानासाहेबांपाशी गेलो. पंचवीस वर्षांत छापायला खोटं दिलेलं नाही. तोंडी बोललो. "नानासाहेब, मंचेरियलला धान्याची वॅगन यायची आहे. स्टेशनमास्तर म्हणतात, मातब्बर माणूस समोर असल्याशिवाय सोडणार नाही."

"मग हे आधी नाही का सांगायचं!" ताडकन उठले. मागून छत्री, डबा, आचारी. नाव रिकामी झाली तशी वीतभर वर उचलली गेली. काठाने मागून आलेला नानासाहेबांचा छकडा वळणावर दिसेनासा होतो न होतो, तोच पाचही पुट्ट्या भोवऱ्यासारख्या फिरत मोठ्या नावेला ओलांडून पुढे. पोशन्ना जाताना मला म्हणाला, "आता बघा लाकूड कसं चालतं."

मोठी नाव खरंच नीट चालली नाही. बूड खोल. बुडालेल्या बांधांवर दोनदा बसली. चिंतलगुड्याची माणसं आणली ती पोशन्नाने आणि भांड्यांनी. सगळी आली. एक म्हातारी जात्यासकट आली. जातं सोड म्हटलं तर तेलुगूत म्हणाली, आधी जातं चढवा, जागा उरली तर मला. दोघांनाही जागा झाली.

पण तोवर दिवेलागण. आभाळ परत दाटलेलं, नावाड्यांचे हात वर होईनात. त. सा. म्हणाले, वाळकी कल सुबह. मी मान हलवली.

सकाळी वाया गेलेले ते तीन तास माझ्या माथी होते.

व. ५, शनिवार

फटफटायला पोशन्नाच्या नावेत मी स्वतः. मोठी नाव घाटावरच ठेवली. कुणी विचारलं नाही.

वाळकी लांबून दिसली ती आधी देवळाचा कळस आणि मग खाली सगळं गाव, जोत्यावर दाटीवाटीने उभं. माणसं, बैल, शेळ्या, शाळेचा फळासुद्धा. घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ माझ्या छातीएवढी. दोन घरं बसलेली. माणूस मात्र एकही कमी नाही.

शांता पदर खोचून बैलांना केळीची पानं घालत होती. मला पाहून, "या, या! बातमीदार आले. आता पूर संपला असन, नाही तर तुमी कायले येता."

"कशी आहेस?"

"कशी असणार? भेंडी गंगामाईनं तोडून नेली. मजुरी बी नाही मांगितली तिनं."

नावेत चढा म्हटलं तर कुणी हलेना. बैल सोडून येणार नाहीत. समजावलं, की आधी माणसं. शांताच पुढे झाली. "पोळा धा दिसांवर आला दादा. बैल इथं सोडून येऊ? मंग पोळ्याले काय आमीच शिंगं रंगवून उभं राहाचं?"

गाव हसलं. हसणाऱ्या गावापुढे फेहरिस्त चालत नाही. तिनेच लावून दिलं: पोशन्नाच्या नावेत बैल, एका खेपेला चार. पुट्ट्यांत बाया-लेकरं. मोठी नाव कुठाय म्हणाली, सांगितलं. "तिले राहू द्या तिकडंच, सावलीले बरी." आठ ओळी मी दिवसभर लिहिल्या होत्या. तिने बैलाच्या पाठीवर थाप मारता मारता सांगितल्या.

तिसऱ्या खेपेला ती आणि मी एका पुट्टीत. पुट्टी गरगर फिरत होती. कधी ती गावाकडे तोंड करून, कधी मी. अशात ती बोलली.

"पाणी घरात कवा आलं, माहीत हाय का? बुधवारी रातच्याले. चिंतलगुड्यात शुक्रवारी पहाटे, कोळी सांगतात."

मला माहीत नव्हतं. पोशन्नाने बुधवारीच सांगितलं होतं, वाळकी खाली आहे. आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

"दादा, खरं सांग. मी तिथं नसती, तर वाळकी पहिली लावली असती का?"

पुट्टी फिरली, तिचं तोंड गावाकडे गेलं. परत फिरली तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे. चहा भेटन का तुमच्या घरी?"

व. ६, रविवार

दोन्ही गावं शाळेत. चिंतलगुड्याच्या बाया भात म्हणतात, वाळकीच्या भाकरी. दोन चुली पेटल्या. दुपारी पाहिलं तर लेकरं एका चुलीवरचं खाऊन दुसऱ्या चुलीला लागत होती. भांडण आपोआप मिटलं.

नानासाहेब परतले. तीन गाड्या धान्य घेऊन! स्टेशनवर खरंच एक वॅगन आली होती, पुढच्या स्टेशनला जाणार होती. नानासाहेबांनी फलाटावर खुर्ची मागवली, बसले, आणि सांगितलं, मातब्बर माणूस आला आहे, वॅगन सोडा. स्टेशनमास्तरला काही उमगलं नाही. इकडे तारा, तिकडे तारा. शेवटी हैदराबादहून हुकूम आला, द्या. "पंत, तुमची खबर पक्की असते," म्हणाले. मी खाली पाहिलं.

त. सा. नी त्यांना मिठी मारली. टोपी पडली, नानासाहेबांनी झेलली.

शांता व तिचे यजमान माणिकराव आमच्याकडे. माणिकराव दिवसातून चार वाक्यं बोलतात, आज पाच बोलले. बैल आमच्या परसात. सौ. ची तुळस एका बैलाने निम्मी खाल्ली. सौ. म्हणाली, "पुण्यवान बैल हाय."

व. ८, मंगळवार. गोकुळाष्टमी

पत्राचा दिवस. पुराची हकीकत लिहायला बसलो. लिहिलं: 'नावांच्या क्रमात काहीसा गोंधळ झाल्याने वाळकीस मदत पोचण्यास एक दिवस विलंब झाला.' वाचलं. छान वाक्य. त्यात कुणीच नाही. गोंधळ आपोआप झाला, विलंब आपोआप झाला. अशी वाक्यं मी दुसऱ्यांची किती खोडली असतील.

खोडलं. लिहिलं: 'नावांचा क्रम प्रस्तुत बातमीदाराने लावला होता. तो चुकला.' बरं वाटलं. मग लक्षात आलं, यात नावांची चूक आहे, गावांची नाही. ती लिहायला घेतली आणि टपालाची वेळ झाली.

शाळेत काल्याची तयारी. ज्वारीच्या लाह्या कुणाच्या, दही कुणाचं, मीठ कुणाचं. जात्यावाल्या म्हातारीने पोरांना रांगेत बसवलं. आपली कोण, त्यांची कोण हे तिला कळत नव्हतं, विचारतही नव्हती.

व. १०, गुरुवार

पाणी उतरतंय. सहा पायऱ्या दिसल्या, चिखलात.

शांता घरात असते, हसते, सौ. बरोबर माझी नक्कल करते (मी लिहिताना ओठ हलवतो म्हणे). पुट्टीतली गोष्ट तिने परत काढलेली नाही. मीही नाही. काढली तर काय बोलणार? खरं म्हणजे मलाच नक्की माहीत नाही. ती तिथे नसती, तर मी पोशन्नाचं ऐकलं असतं का? ऐकलं असतं असं वाटतं. मग बहीण असल्याची शिक्षा तिच्या गावाला झाली. नसतं ऐकलं, तर मी नुसता बेसावध माणूस. दोन्हींतलं कोणतं बरं, ते ठरत नाही.

व. ११, शुक्रवार

वाळकीकर परत गेले. पोशन्नाने बैल आधी पोचवले, न सांगता.

निघताना शांताने भेंडीचं बी मागितलं. सौ. ने पुडी दिली. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "वाळून गेला दादा तू. चार रोज जास्त खात जा, अन् कमी विचार करत जा." मग सौ. ला, "वहिनी, याईचे कागद जरा लपवून ठेवत जा."

घर एकदम मोठं झालं.

व. १३, रविवार

त. सा. चं परत बोलावणं. बटणं दोनच लावलेली, म्हणजे काम गंभीर नाही, पण मोठं आहे. जिल्ह्याला कायम फेहरिस्त पाठवायची: पुढच्या पुराला कोणती नाव, कोणत्या गावाला, कोणत्या क्रमाने. एकदा मंजूर झाली की दरवर्षी तीच. मंगळवार संध्याकाळपर्यंत द्या.

"इस दफा कौन सी नाव आगे, अखबारसाब?" डोळे मिचकावून.

पोशन्नाबरोबर घाटावर बसून नावांचं ठरवलं. फार झकास झालं. जनावरांना उताराची नाव. माणसांना पुट्ट्या ('भांडी' हा त्याचाच शब्द, पण पुरानंतर तो लिहू द्यायला तयार नव्हता, मी 'पुट्ट्या' लिहिलं, वाचता येत नसूनही त्याने बोट ठेवून पाहिलं). निरोपाला डोंगे. अडलं मोठ्या नावेवर. तिला वगळावं तर देशमुखांचा अपमान, घ्यावी तर नारळ.

तोड पोशन्नाने काढली. मोठी नाव घाटाला बांधायची, तोंड गावाकडे करून. नानासाहेबांनी तिच्यात बसून सगळ्या कामावर नजर ठेवायची. बाकीच्या नावा तिच्या पाठीमागून सुटणार. "मागूनच निघाल्या ना पंतुलू? पुढे कुणी गेलंच नाही."

नानासाहेबांना विचारलं. खूष. नावेत हुक्क्याची सोय होईल का, एवढंच विचारलं.

गावांचा क्रम उद्या.

व. १४, सोमवार

गावांचा क्रम झाला नाही. आज पाच ठिकाणी जाऊन जमिनीची उंची विचारली. चिंतलगुड्याचा पटेल म्हणतो आमचं गाव खाली. वाळकीचा म्हणतो आमचं. दोघेही देवाची शपथ घेतात, देवही एकच.

गंगेच्या आधीच्या पुरांच्या खुणा पाहाव्या म्हणून घाटावरच्या देवळाच्या भिंतीशी गेलो. सगळ्यात वरची रेघ कोणत्या पुराची, हे तिथल्या तीन म्हाताऱ्यांनी तीन प्रकारे सांगितलं. चहा मात्र तिघांनी दिला.

सौ. म्हणाली, "बहिणीचं गाव पहिलं लिहा अन् मोकळे व्हा."

"लोक काय म्हणतील?"

"तेच म्हणतील. लोकायले दुसरं काम काय हाय?"

श्रावण अमावास्या, मंगळवार. पोळा

सकाळी कसब्यातल्या बैलांची मिरवणूक. नानासाहेबांचा पांढरा बैल मानाचा, सगळ्यात पुढे. वेशीत आडवा उभा राहिला आणि हलेना. मागे सगळे बैल थांबले. पोशन्ना गर्दीतून माझ्याकडे पाहून इतका हसला की पागोटं सुटलं.

दुपारी पुरणपोळी. तीन खाल्ल्या. चौथी सौ. ने वाढली, नाही म्हटलं नाही.

हैदराबादचं पत्र गेलं, दोन रकाने बरोबर. संपादकांना वाटेल, मी आजारी आहे.

वरच्या अंगाला परत पाऊस आहे म्हणतात. घाटाच्या आठ पायऱ्या उघड्या, सकाळी नऊ होत्या. पोशन्ना वाळकीला शिंगांचे गोंडे पोचवून आला, त्याच्याजवळ शांताचा निरोप: बैल रंगवले, फार गोड दिसतात, भेंडी उगवली, आमची काळजी करू नको. मी विचारलं, आणखी काही म्हणाली? तो म्हणाला, "म्हणाली ना. दादाले सांग, यादीत माहं नाव पाहून लिहू नको, अन् माहं नाव चुकवून बी लिहू नको."

"म्हणजे काय लिहू?"

"ते नाही म्हणाली पंतुलू."

कागद समोर आहे. नावांचा रकाना सुरेख अक्षरात भरलेला. गावांच्या रकान्यात वाळकी लिहिलं, वर चिंतलगुडा लिहिलं, दोन्ही खोडलं. नवा कागद घेतला. पुन्हा नावा उतरवल्या, त्यात वेळ बरा जातो. पंचवीस वर्षांत मजकूर एकदाही उशिरा दिलेला नाही.

तहसीलचा शिपाई कागद न्यायला आला आहे. ओसरीवर बसलाय. सौ. ने चहा दिला, तो झाला. आता पोळी वाढते आहे. आत येऊन हळूच म्हणाली, "लिहा तुमी सावकाश. मी त्याले अजून एक आग्रह करते." बाहेर तिचा आवाज येतो आहे. तो नको नको म्हणतोय, पण ताट काही बाजूला करत नाही.